सिग्नलवर आपोआप बंद होणारे इंजिन: बटण कुठे असते, कधी दाबायचे आणि कशाला हात लावायचा नाही

दिवाडीला जायला जुने गोवेच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत होतो. गाडी हातात येऊन तीन आठवडे झालेले. धक्क्याचा उतार, पुढे चार गाड्या, त्यांच्यापुढे मांडवी. मी गिअर न्यूट्रलला टाकला, क्लचवरचा पाय काढला आणि इंजिन गप्प झाले. मला वाटले गाडी बंद पडली. तेवढ्यात बोट लागली, पुढच्या गाड्या सरकल्या, बोटीवरचा माणूस हात हलवत "फुडें घे रे" म्हणून ओरडायला लागला आणि मी घाईघाईत चावी उलटी फिरवून पुन्हा स्टार्टर मारायच्या खटपटीत. त्या गडबडीत ब्रेक सैल झाला आणि गाडी हातभर पाण्याच्या दिशेने सरकली. मागे बसलेल्या आईने गणपतीचे नाव घेतले ते अजून आठवते.

खरे तर चावीला हात लावायची गरजच नव्हती. नुसता क्लच दाबला असता तर इंजिन स्वतःहून सुरू झाले असते. गाडी देताना शोरूमच्या मुलाने हे सांगितलेही असेल, पण त्या दिवशी पेढे, हार आणि फोटो यांत कोण ऐकतो?

गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करून निघताना पुन्हा सुरू करणाऱ्या या सोयीला कोणी आयडल स्टॉप-स्टार्ट म्हणते, कोणी आयएसजी, कोणी मायक्रो हायब्रिड. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्या, ह्युंदाई आणि किया, स्कोडा आणि फोक्सवॅगन, महिंद्राच्या काही गाड्या, आणि बहुतेक सगळ्या महागड्या जर्मन गाड्यांत ती असते. ओळखीतल्या अर्ध्या लोकांना ती आवडत नाही, उरलेल्यांना आपल्या गाडीत ती आहे हेच ठाऊक नाही.

आधी बटण शोधा

गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन सुरू ठेवा. आता गोल फिरणाऱ्या बाणाच्या आत इंग्रजी ‘ए’ अक्षर काढलेले बटण शोधा. बहुतेक वेळा बटणावर ‘ऑफ’ हा शब्दही असतो. शोधायच्या जागा तीन. पहिली, स्टिअरिंगच्या उजवीकडे गुडघ्याच्या वर, जिथे हेडलाइट वर-खाली करायचे चाक असते त्या रांगेत. दुसरी, गिअरच्या दांड्याभोवती. तिसरी, मधल्या पॅनेलवर एसीच्या बटणांखाली. महिंद्राच्या जुन्या गाड्यांत ‘मायक्रो हायब्रिड’ असेच लिहिलेले बटण सापडेल. काही नव्या गाड्यांत बटण नसतेच. तिथे मधल्या स्क्रीनवर ‘व्हेइकल’ किंवा ‘सेटिंग्ज’मध्ये शिरून ती नोंद शोधावी लागते.

बटण एकदा दाबा. दाबून धरायची गरज सहसा नसते. बटणातला दिवा पिवळा लागेल, किंवा मीटरमध्ये त्याच बाणाच्या चिन्हाबरोबर ‘ऑफ’ दिसेल. इथे खूप जणांची गफलत होते. दिवा लागला म्हणजे सोय चालू झाली असे त्यांना वाटते, आणि असते उलटे. बहुतेक गाड्यांत दिवा लागला, म्हणजे सोय बंद. शंका असेल तर घरासमोरच्या मोकळ्या रस्त्यावर थोडे अंतर चालवा, थांबा, न्यूट्रल करून क्लच सोडा. इंजिन चालूच राहिले तर काम झाले. इंजिन गार असताना ही परीक्षा करू नका. गार इंजिन तसेही थांबत नाही आणि तुम्ही उगाच बटणाला श्रेय द्याल.

इंजिन आधीच थांबलेले असताना बटण दाबले तर बऱ्याच गाड्यांत ते लगेच सुरू होते. म्हणून हे पाय जागेवर ठेवूनच करावे.

इतकेच. या लेखातले सक्तीचे काम एवढेच आहे, बाकीचे समजून घेण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चालू का होते?

कारण ते तसेच बनवलेले आहे. चावी फिरवून गाडी पुन्हा सुरू केली की सोय आपोआप जागी होते. याचे मूळ इंधनाच्या नियमांत आहे. आपल्याकडे कंपनीच्या सगळ्या विकलेल्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर मर्यादा आहे. २०१७ पासून ती लागू झाली आणि २०२२ मध्ये किलोमीटरला १३० ग्रॅमवरून ११३ वर आली. हे उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या रोलरवर मोजतात. ती चाचणी वीसेक मिनिटांची असते आणि त्यातला जवळजवळ पाव वेळ गाडी नुसती उभी असते. उभ्या गाडीचे इंजिन बंद राहिले तर आकडा सुधारतो. चाचणीला गाडी कारखान्यातून निघते त्या स्थितीत लावतात, म्हणून कंपनीला ही सोय मुळातच चालू असलेली हवी असते. तुमच्या बटणाला स्मरणशक्ती नाही याचे कारण हे आहे, गाडी बिघडलेली नाही.

फायदा किती, तेही बघू. एसी लावलेले छोटे पेट्रोल इंजिन जागच्या जागी तासाला साधारण पाऊण ते एक लिटर पिते. मी फोंड्याहून पणजीला जातो. भोमच्या अरुंद पट्ट्यात, मेर्शीच्या सिग्नलला आणि शहरातल्या खोदकामाशी मिळून जाता-येता सहा मिनिटे खरोखर थांबतो असे धरा. म्हणजे दिवसाला ८० मिलिलिटर. महिन्याच्या पंचवीस दिवसांत दोन लिटर. गोव्यातल्या पेट्रोलच्या भावाने दोनशे रुपयांच्या आसपास. एका मोठ्या पापलेटाचे पैसेही होत नाहीत, पण अगदीच टाकाऊही नाही. मुंबई-पुण्याला जो तासभर कोंडीत उभा असतो त्याचा हिशेब वेगळा. सावईवेऱ्यासारख्या गावात राहून दिवसभरात एकही सिग्नल न बघणाऱ्याला या सोयीचा उपयोग शून्य आहे.

बटण न दाबता, पायाने

हे शिकून घेतले तर बटणाची गरज अर्धी होते. मला ही पद्धत सगळ्यात जास्त पटली आहे.

हाताने गिअर टाकायच्या गाडीत इंजिन थांबायला दोन गोष्टी एकत्र लागतात: गिअर न्यूट्रलला आणि क्लचवरून पाय वर. यातली एक मोडली की इंजिन चालू राहते. क्षणभर थांबायचे आहे, पुढची गाडी आता सरकणार हे दिसते आहे, तर क्लच दाबूनच ठेवा. थांबा लांबला तर न्यूट्रल करून पाय काढा आणि इंजिनाला झोपू द्या. म्हणजे सोय कधी हवी ते तुम्ही पायाने ठरवता. फक्त प्रत्येक सिग्नलला मिनिटभर क्लच दाबून बसायची सवय लावून घेऊ नका. क्लचचे बेअरिंग त्याने लवकर झिजते, आणि महिन्याला दोनशे रुपये वाचवून कित्येक महिन्यांत जमलेले पैसे ते बदलण्यातच जातात.

ऑटोमॅटिक गाडीत इशारा ब्रेकमधून जातो. पाय घट्ट दाबला की इंजिन थांबते, ब्रेक सोडला की सुरू होते. अनेक गाड्यांत ब्रेक हलका, म्हणजे गाडी जागेवर राहील एवढाच दाबला तर इंजिन थांबत नाही. हा हलकेपणा प्रत्येक गाडीचा वेगळा, दोन दिवसांत पायाला कळतो. उतारावर मात्र हा खेळ करू नका, तिथे ब्रेक घट्टच हवा. काही गाड्यांत स्पोर्ट मोड घातला किंवा दांडा मॅन्युअलला ओढला की सोय आपोआप गप्प बसते. तुमच्या गाडीत तसे होते का ते करून बघा.

पुढच्या काचेवर वारा सोडणारे, म्हणजे काचेवरची वाफ घालवणारे बटण दाबले की कितीतरी गाड्या इंजिन थांबवत नाहीत. एसी कमाल जोरावर असतानाही तसेच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे काच अशी धुकाळते की हे बटण चालूच असते. त्यामुळे पावसाळ्यात ‘माझी सोय बिघडली’ म्हणून गॅरेज गाठणाऱ्यांनी आधी त्या बटणाकडे बघावे.

एक पद्धत लोक मोठ्या खुशीत सांगतात: सीटबेल्ट काढा, इंजिन थांबत नाही. खरे आहे. ड्रायव्हरचा बेल्ट सुटलेला दिसला की गाडी ही सोय वापरत नाही. पण दोनशे रुपयांच्या प्रश्नासाठी काढलेला बेल्ट हजार रुपयांचा दंड देतो, आणि अपघात झालाच तर त्याची किंमत विचारू नका. सोडून द्या.

गोव्यात कुठे बंद ठेवायचे

फेरीबोट पहिल्या नंबरवर. दिवाडी, चोडण, केरी-तेरेखोल, कुठलीही असो. रांगेत गाडी वीतभर सरकते, थांबते, सरकते. धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो. इंजिन थांबले की ब्रेकला मदत करणारी पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, तयार होणे थांबते. साठवलेल्या पोकळीवर दोन-तीनदा ब्रेक नीट लागतो, मग पॅडल कडक व्हायला लागते. गाडीला हे कळते आणि ती इंजिन स्वतः सुरू करते, पण बोटीच्या तोंडावर ‘स्वतः सुरू’ होणाऱ्या गाडीचा दचका मला तरी नको. रांगेत लागतानाच बटण दाबा. बोटीवर चढून हँडब्रेक ओढला की मग गाडी चावीने पूर्ण बंद करा. सोयीने झोपवलेले इंजिन आणि चावीने बंद केलेले इंजिन यांत फरक आहे. झोपलेल्या गाडीतून उतरून बोटीच्या कठड्यापाशी हवा खायला जाणे धोक्याचे, कारण बॅटरी उतरली किंवा आत गरम झाले तर ती तुमच्यामागे सुरू होऊ शकते. काही गाड्यांत उलटे होते: बॉनेट उघडले तर ती सोय रद्द करते आणि पुन्हा चावीनेच सुरू करावी लागते. दोन्ही प्रकार बोटीवर नकोत.

दुसरे, पार्किंग. म्हाप्याला शुक्रवारी बाजाराच्या गल्लीत दोन स्कूटरींमध्ये गाडी घालताना पुढे-मागे, पुढे-मागे करावे लागते. स्टिअरिंग फिरवलेले असेल तर बऱ्याच गाड्या इंजिन थांबवत नाहीत, पण सरळ केल्या क्षणी थांबवतात. मागे दुकानदार डोक्यावर फळांची पाटी घेऊन उभा, इंजिन गप्प, आणि तुम्ही घामाघूम. गल्लीत शिरण्याआधी बटण.

तिसरे, चोर्ला किंवा अनमोड चढून वर आल्यावर. टर्बो असलेले इंजिन घाट चढून तापलेले असते. वर चहाला थांबताना ते एकदम गप्प होण्यापेक्षा मिनिटभर हळू फिरू दिलेले बरे. गाड्या तापमान पाहून निर्णय घेतात हे खरे, पण बटण दाबायला पैसे पडत नाहीत.

चौथे माझ्या आईच्या आग्रहास्तव: दुपारी बाराला म्हातारी माणसे आणि लहान मुले गाडीत असतील तेव्हा. साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबले की पंखा चालू राहतो, थंडावा जातो. आपली हवा दमट असल्यामुळे वीस सेकंदांतच ओलसर, कोंदट वास येतो. मे महिन्यात गाडी चतुराईने स्वतःच सुरू होते, पण त्याआधीच मागच्या सीटवरून तक्रार येते.

याउलट चालू ठेवावी अशी जागा म्हणजे लांब सिग्नल, आणि पर्वरीला महामार्गावर ठप्प झालेली रांग. दहाएक सेकंदांपेक्षा जास्त थांबणार असाल तर इंजिन बंद राहण्यात फायदा आहे. अशा गाड्यांचा स्टार्टर किंवा पट्ट्यावरचा जनरेटर वारंवार सुरू होण्यासाठीच मजबूत केलेला असतो, त्यामुळे ‘स्टार्टर जळेल’ ही भीती साध्या गाडीतली आहे, इथली नाही.

कायमचे बंद करायचे असेल तर

इथे मी जरा कडक बोलणार आहे. बाजारात तीन मार्ग आहेत.

पहिला, बटणामागच्या वायरिंगमध्ये बसणारे छोटे यंत्र. हे तुम्ही शेवटचे दाबलेले लक्षात ठेवते आणि गाडी सुरू झाली की स्वतःच बटण दाबते. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेले, वायर न कापता प्लगमध्ये प्लग बसणारे असेल तर त्यातल्या त्यात हेच बरे. काढायचे झाले तर दहा मिनिटांत निघते. वायर कापून जोड मारणाऱ्याकडे जाऊ नका. आपल्या खाऱ्या हवेत उघडा जोड वर्षभरात हिरवा पडतो.

दुसरा, ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गॅरेजवाले तपासणीचे यंत्र जोडतात त्या जागी, यंत्र लावून गाडीच्या संगणकातली नोंद बदलणे. स्कोडा-फोक्सवॅगनवाले हे बरेच करतात. त्यात बहुधा सोय थेट काढत नाहीत. इंजिन थांबवायला बॅटरीचा किती व्होल्टेज लागेल ती मर्यादा इतकी वर नेतात की अट कधी पूर्णच होत नाही. चलाख युक्ती आहे. पण वॉरंटीच्या काळात सर्व्हिस सेंटरला बदल दिसतो, आणि सॉफ्टवेअर अपडेट झाले की तो पुसलाही जातो. वॉरंटी संपलेली नसेल तर थांबा. संपली असेल तर बदलापूर्वीची मूळ नोंद कागदावर लिहून घेणाऱ्याच माणसाकडे जा.

तिसरा मार्ग म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकावरचा सेन्सर काढून ठेवणे, किंवा बॉनेटच्या कुलपातला स्विच फसवणे. हा कोणी फुकट करून दिला तरी घेऊ नका. बॅटरीवरचा तो छोटा सेन्सर किती वीज आली, किती गेली याचा हिशेब ठेवतो, आणि बॅटरी भरणारा अल्टरनेटर त्या हिशेबावर चालतो. तो काढला की इंजिन थांबणे बंद होते हे खरे, पण बॅटरी जास्त किंवा कमी भरायला लागते. शेजारच्या भाऊंनी हेच केले होते. आठ महिन्यांत बॅटरी गेली, आणि तीही महागातली.

बॉनेटच्या स्विचचे तर आणखी पुढे जाते. गाडीला बॉनेट कायम उघडे दिसते. चोरीचा भोंगा आणि मीटरवरचा इशारा दोन्ही त्यावरच अवलंबून असतात.

स्ट्राँग हायब्रिडवाल्यांसाठी एकच वाक्य: हायरायडर, हायक्रॉस किंवा होंडा सिटी हायब्रिडमध्ये इंजिन थांबते ते मोटर गाडी चालवते म्हणून, त्याला बंद करायचे बटण नाही आणि तशी इच्छाही धरू नये. तिथे एसीही विजेवर चालतो.

सोय आपोआप बंद पडली असेल तर खूश होऊ नका

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कित्येक जण म्हणतात, ‘माझी गाडी आता थांबतच नाही, बरे झाले.’ बरे नाही. इंजिन थांबवण्याआधी गाडी ज्या अटी तपासते त्यांत सगळ्यात आधी मोडते ती बॅटरीची. इंजिन गरम आहे, बेल्ट लावलेला आहे, दरवाजे बंद आहेत, काचेवरचा वारा बंद आहे, बटणातला दिवा विझलेला आहे, आणि तरीही आठवडाभर इंजिन एकदाही थांबले नाही, तर बॅटरी थकते आहे असे समजा. गोव्यात हे लवकर होते, कारण आपण गाडी जवळजवळच फिरवतो: देऊळ दोन किलोमीटर, बाजार तीन, मग पावसात चार दिवस उभी. प्रत्येक वेळी सुरू करण्यात जेवढी वीज जाते तेवढी परत भरायला इंजिनाला वेळच मिळत नाही.

तपासायचे असे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी सकाळी सुरू करण्याआधी मल्टिमीटरने मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. अर्धी असेल तर एका लांब फेरीने, फोंड्याहून मडगाव-काणकोण करून, सुधारते का बघा. नाही सुधारली तर चार्जर लावा. मग टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, व्हॅसलीन लावा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी हे दर सहा महिन्यांनी करावे.

बॅटरी बदलायची वेळ आली तर दुकानदार साधी बॅटरी गळ्यात मारायचा प्रयत्न करील, ‘बसते हो, मापाची आहे’ म्हणून. मापाची असेल, जातीची नाही. वारंवार सुरू होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते. जुन्या बॅटरीवरचे लेबल फोटो काढून न्या आणि तोच प्रकार मागा. तुम्ही सोय कायम बंद ठेवत असलात तरी तोच प्रकार घ्या, कारण गाडीची चार्जिंगची पद्धत त्याच प्रकाराच्या हिशेबाने आखलेली असते. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडमध्ये सीटखाली एक लिथियम बॅटरीही असते. तिला घरी हात लावू नका.

नवी बॅटरी बसवून घरी आलात आणि इंजिन थांबत नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. ह्युंदाई-कियाच्या गाड्यांत सेन्सरला नवी बॅटरी ओळखायला चावी बंद करून साधारण चार तास गाडी उभी ठेवावी लागते, आणि त्यानंतर दोन-तीनदा इंजिन चालू-बंद करावे लागते. काही जर्मन गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद संगणकाने करून घ्यावी लागते, ती त्याच दुकानात होते का हे पैसे देण्याआधी विचारा.

स्कूटरवाल्यांचे काम सोपे आहे. नव्या बऱ्याच स्कूटर आणि हिरोच्या आय-थ्री-एस मोटारसायकली सिग्नलला अशाच गप्प होतात. उजव्या मुठीजवळचा छोटा स्विच सरकवला की झाले, आणि बऱ्याच गाड्यांत तो सरकवला तिथेच राहतो. पणजीच्या बाजारात भरलेल्या पिशव्या घेऊन, एका पायावर गाडी पेलत उभ्या राहिलेल्या माझ्या काकूने तो मागच्या वर्षीच बंद केला. कोणाला विचारलेही नाही.